पायरीचा राफ्ट मॉडेलमध्ये सपाट काढायचा का?

राफ्टवाली
काल आमच्या गटात एका सल्लागारांनी लिहिलं की पायरीचा राफ्ट, म्हणजे दोन पातळ्यांवर टाकलेला इमारतीखालचा सलग काँक्रीटचा पाया, रेव्हिट या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये सपाटच काढा, पायरी सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) चार रेषा मारून दाखवा, बाकी साइट बघून घेते. वाचून डोकंच फिरलं. बावधनच्या उतारावरच्या आमच्या कामाला हेच केलं होतं. राफ्ट ६०० मिमी जाडीचा, पायरी १२०० मिमी उंचीची, लांबी १८ मीटर. काँक्रीट सपाट मॉडेलच्या शेड्यूलवरून, म्हणजे मॉडेल देतं त्या मापांच्या यादीवरून मागवलं. संध्याकाळी सातला पायरीपाशी माल संपला, प्लांटवाला म्हणाला आता उद्या सकाळी. ऐन पायरीत कोल्ड जॉइंट, जुन्या-नव्या काँक्रीटचा कच्चा सांधा. मॉडेलमध्ये दोन स्लॅब वेगवेगळ्या ऑफसेटला (पातळीला), मध्ये पायरीचा उभा पट्टा आणि तिन्ही एकत्र जोडणारी जॉइन जिऑमेट्री ही कमांड, एवढंच करायचं होतं.

कोथरूडचा_स्ट्रक्चरल
ते सल्लागार मी नव्हे, पण बाजू त्यांचीच घेतो. पुण्यात पायरी कशामुळे येते? पाषाण एका कोपऱ्यात दीड मीटरवर लागतो, दुसऱ्यात चारवर. खोदाई होईपर्यंत पायरी नक्की कुठे येणार हे कुणालाच ठाऊक नसतं. एका कामात मी ती तीनदा हलवली, दर वेळी मॉडेल, शीट, बीबीएस (सळयांच्या मापांची यादी) सगळं नव्याने. आणि तुमचा उभा तुकडा तो केवढा? ०.६ × ०.६ × १८, म्हणजे ६.४८ घनमीटर. एक गाडी. क्वांटिटी हाताने काढायची सवय गेली, हे खरं दुखणं आहे.

राफ्टवाली
६.४८ नाही. खालच्या स्लॅबच्या तळापासून वरच्याच्या माथ्यापर्यंत १८००. त्या पट्ट्यात सपाट मॉडेल ६०० धरतं, राहिले १२००. उंची १.२ × पट्ट्याची रुंदी ०.६ × लांबी १८ = १२.९६ घनमीटर. सहा घनमीटरच्या दोन गाड्या रिकाम्या करून वर जवळपास एक घनमीटर. हाताने काढताना तुम्ही आत्ता बरोबर निम्म्याने चुकलात.

बिलिंगवाला
पट्टा भिंत म्हणून काढू नका एवढीच विनंती. शेड्यूलमध्ये तो भिंतीत जातो, दर भिंतीचा लागतो आणि भांडण माझ्या टेबलावर येतं. १८०० जाडीचा फाउंडेशन स्लॅबच घ्या.

साइट_कात्रज
तुम्ही मॉडेलवर भांडताय, पायरीखाली काय भरतात ते कुणी उतरून बघतं का? ब्रेकरने खडक हवा त्यापेक्षा जास्त निघतो, दोन-तीनशे मिमीचा खड्डा पडतो, ठेकेदार त्यात मुरूम लोटतो, पाणी मारतो आणि वर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट. अर्धा राफ्ट पाषाणावर, अर्धा मुरमावर. मी एकदा सगळा मुरूम उपसायला लावला, हलक्या ग्रेडचं काँक्रीट भरून घेतलं. तर मालकाने मलाच विचारलं, हा खर्च कुणाच्या खात्यात टाकू?

कोथरूडचा_स्ट्रक्चरल
थर देऊन नीट दाबला तर मुरूम चालतो.

साइट_कात्रज
पायरीच्या खोबणीत रोलर उतरतो का हो? तिथे माणूस धुमसाने चार ठोके मारतो आणि वर येतो. मुरूम बसतो, पाषाण बसत नाही, भेग पडते ती पायरीवर. ऑफिसात बसून "चालतो" म्हणणाऱ्यांमुळेच ठेकेदारांचं फावतं.

कोथरूडचा_स्ट्रक्चरल
भाषा सांभाळा. तीस वर्षं मीही चिखलातच काढली आहेत.

साइट_कात्रज
मग तुम्हाला तर हे माहीत असायलाच हवं.

नवशिकी_हडपसर
मधेच विचारते, माफ करा. ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पातळ्यांवर दोन राफ्ट काढले, पायरीवर मोमेंट (वाकवणारा जोर) शून्य दाखवतंय.

राफ्टवाली
दाखवणारच. दोन्ही शेल, म्हणजे राफ्ट दाखवणारे पृष्ठभाग, जोडलेलेच नाहीत. मधल्या १२०० मध्ये उभा शेल घाल आणि दोन्हीकडचे नोड (जोडबिंदू) जुळव. सपाट मॉडेलमध्ये तर ही चूक दिसलीही नसती.

कोथरूडचा_स्ट्रक्चरल
आणि आतल्या कोपऱ्यात ताणाची सळई नुसती वाकवून नेऊ नकोस, ती कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) उडवते. दोन सळया एकमेकींना छेदून पुढे न्यायच्या. एम-२५ काँक्रीट आणि एफई-५०० सळईला ही पुढची लांबी व्यासाच्या जवळपास ४९ पट, म्हणजे १६ मिमीच्या सळईला पाऊण मीटरच्या वर. सपाट मॉडेलवरून बीबीएस काढला तर ही लांबी गळते, हे मान्य करावं लागेल.

राफ्टवाली
मग पट्टा मॉडेलमध्ये हवा की नको?

कोथरूडचा_स्ट्रक्चरल
हवा. पण जागा खोदाईनंतर पक्की करा, तोवर सळई कापायला देऊ नका. मुरमाबद्दल बोललो ते मात्र मागे घेत नाही, मोकळ्या खोदाईत चालतो.

साइट_कात्रज
पायरीत नाही, एवढं लिहा.

कोथरूडचा_स्ट्रक्चरल
पायरीत नाही. लिहिलं.