डाइव्हनंतर अंगावर जाळीदार चट्टे, हृदयात छिद्र असेल का?

ठाण्याची_रेवा:
नवरा (वय 43) हौशी डायव्हर. गेल्या महिन्यात अंदमानात हॅवलॉकला दुसऱ्या डाइव्हनंतर बोटीवर टाक्या उचलून ठेवल्या आणि अर्ध्या तासात पोटावर, दंडांवर जांभळट जाळीसारखे चट्टे उठले. खाजही होती. ऑक्सिजन दिल्यावर मावळले. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली-वेळेची सुरक्षित मर्यादा सांगणारं मनगटावरचं यंत्र) एकदाही कुरकुरला नव्हता. आता डॉक्टर म्हणतात, पीएफओची, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्राची तपासणी करा. दोन वर्षांपूर्वीचा साधा इको नॉर्मल होता, मग छिद्र आलं कुठून? मुलगा (19) दिवाळीत तारकर्लीला निघालाय, त्याचीही करायची का?

समुद्रवेडा_मालवण:
ताई, असे चट्टे 'जेलीफिश लागला असेल' म्हणून सोडून देणारे खूप. ऑक्सिजन घेतला ते उत्तम. पण पुढच्या वेळी मावळले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

इकोवाली_वर्षा:
छिद्र आलेलं नाही, राहिलेलं असू शकतं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वास घेत नाहीत, म्हणून उजव्या कप्प्यातलं बरंचसं रक्त झडपेसारख्या वाटेने थेट डावीकडे जातं. जन्मानंतर ती वाट बुजते. साधारण चारांतल्या एकाची पूर्ण बुजत नाही, आणि बहुतेकांना जन्मभर पत्ता नसतो.

डायव्हरचं तसं नाही. वर आल्यावर शिरांमध्ये नायट्रोजनचे बुडबुडे होतात, कॉम्प्युटरच्या मर्यादेत राहिलात तरी. एरवी ते फुप्फुसांत अडकून विरतात. पण कुंथल्यावर, खोकल्यावर, जड उचलल्यावर उजवीकडचा दाब क्षणभर वरचढ होतो, झडप उघडते आणि बुडबुडे धमन्यांत शिरतात. मग मेंदू, मज्जारज्जू, आतला कान किंवा त्वचा. टाक्यांचं वाक्य मी म्हणूनच दोनदा वाचलं.

साध्या इकोत हे सहसा दिसत नाही. चिठ्ठीवर 'बबल कॉन्ट्रास्ट' लिहून घ्या. आम्ही सलाईनमध्ये किंचित हवा दोन सिरिंजांत घुसळून हाताच्या शिरेतून देतो आणि जोराने कुंथून एकदम सोडायला सांगतो. पुढच्या दोन-तीन ठोक्यांत डावीकडे ठिपके चमकले की पीएफओ. लोक मात्र लाजून जोरच लावत नाहीत! त्यांना घरी सराव करायला सांगा.

सापडलं तरी ते बुजवायला लगेच धावू नका. आधी बुडबुडे कमी करता येतात: उथळ डाइव्ह, दिवसाला एकच, नायट्रॉक्स (ऑक्सिजन जास्त, नायट्रोजन कमी असलेलं मिश्रण) घ्यायचा पण कॉम्प्युटर साध्या हवेच्या सेटिंगवर ठेवायचा, पाच मीटरवर जादा थांबायचं. टाक्या दुसऱ्याने उचलायच्या. बुजवलं तर निदान तीन महिने डायव्हिंग बंद, मग पुन्हा बबल इको.

ठाण्याची_रेवा:
खूप आभार. आणि मुलगा?

इकोवाली_वर्षा:
सरसकट तपासणी नको, असंच दक्षिण पॅसिफिक आणि ब्रिटनमधल्या डायव्हिंग वैद्यकाच्या तज्ज्ञांनी 2015 साली मिळून सांगितलंय. छिद्र इतक्यांना असतं, आजार त्या मानाने फारच थोड्यांना होतो. पण एक सांगा, त्याला अर्धशिशी आहे का? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा, लखलख?

ठाण्याची_रेवा:
हो, दहावीपासून.

इकोवाली_वर्षा:
मग तो सरसकटमध्ये बसत नाही. अशी अर्धशिशी असणाऱ्यांत पीएफओ जास्त सापडतो. वडिलांना निघाला तर आणखी एक कारण. दिवाळीआधी डायव्हिंग वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांकडे दोघांनाही एकदमच न्या.