एक्स-रे यंत्राचे आउटपुट आणि गायगर काउंटर

वर एका सदस्यांनी लिहिले आहे, की सांगलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढताना त्यांनी ऑनलाइन मागवलेला गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारे छोटे उपकरण) टेबलावर ठेवला, आकडा जेमतेम हलला, म्हणून यंत्र निर्धोक आहे. हा निष्कर्ष मला पटत नाही. एक्स्पोजर, म्हणजे किरणांचा झोत सुटणे, सेकंदाच्या अंशात संपते आणि तेवढ्यात झोतातील फोटॉनांचा (किरणांच्या कणांचा) मारा इतका दाट असतो, की गायगर नळी एक कण मोजून सावरेपर्यंत पुढचे कितीतरी निसटून जातात. म्हणजे मारा जितका जास्त, तितके वाचन फसवे.

मिरजेत यंत्रांच्या क्यूए (गुणवत्ता तपासणी) चाचण्या करताना आम्ही आयन चेंबर किंवा सॉलिड स्टेट डिटेक्टर ही किरणांची मात्रा मोजणारी उपकरणे फोकसपासून (नळीत किरण जिथे निर्माण होतात त्या बिंदूपासून) १०० सेंटिमीटरवर ठेवतो आणि केव्ही (नळीवरचा विद्युतदाब, किलोव्होल्टमध्ये) तोच ठेवून एमएएस (नळीतला प्रवाह मिलिअँपिअरमध्ये गुणिले सेकंद) बदलत वाचने घेतो. आउटपुट, म्हणजे यंत्रातून मिळणारी किरणांची मात्रा, ‘मिलिग्रे प्रति एमएएस’ असे नोंदवतात; मिलिग्रे हे मात्रेचे एकक. टेप मात्र नीट धरावी! अंतर ९५ सेंटिमीटर झाले तरी वाचन सुमारे ११ टक्क्यांनी फुगते आणि खापर यंत्रावर फुटते. आउटपुट साधारणपणे केव्हीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ७० आणि ८० केव्हीची वाचने शेजारी मांडून तुलना करण्यातही अर्थ नाही.

एक्स-रे नळीच्या आवरणातून होणारी किरणांची गळती ही स्वतंत्र चाचणी असून तिची मर्यादा एक मीटरवर तासाला १ मिलिग्रे आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार क्यूए दर दोन वर्षांनी व्हावी लागते. त्या सदस्यांनी दवाखान्याकडे क्यूएचा अहवाल मागावा.