दमनकाला शिक्षा होत नाही, ते गाळू नका

पंचतंत्रातली सिंह-बैलाची गोष्ट मुलांना सांगून ‘चहाडखोरावर विश्वास ठेवू नये’ एवढं तात्पर्य दिलं की झालं, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. खरा ऐवज मधल्या भागात आहे.

दमनक या कोल्ह्याचं दरबारातलं पद गेलेलं असतं. सिंह राजा पिंगलक संजीवक बैलाच्या डरकाळीला घाबरलाय हे तो आधी हेरतो आणि त्याच भीतीच्या जोरावर परत दरबारात शिरतो. पुढे राजा बैलातच रमला, शिकार थांबली, बाकीचे उपाशी राहू लागले. मग दमनक सिंह आणि बैल दोघांनाही वेगवेगळं गाठतो आणि समोरच्याच्या वागण्यातल्या ‘खुणा’ सांगून ठेवतो: डोळे लाल, अंग ताठ, शिंगं रोखलेली. घाबरलेला प्राणी तसाच दिसणार! दोघांनाही पुरावा आयता मिळतो. पेठेतली तालीम फुटते तीही अशीच, दोन्हीकडे एकच माणूस ये-जा करत असतो.

सिंह बैलाला मारतो आणि शेवटी दमनक मंत्रीच राहतो. हे इतकं बोचणारं आहे की 8व्या शतकातल्या अरबी रूपांतरात त्याच्यावर खटला चालवून शिक्षा देणारं प्रकरण वाढवलं गेलं. ते रूपांतरकार इब्न अल-मुकफ्फानं घातलं असं मानतात.

कोल्हापुरात वाचनकट्टा घेणार असाल तर करवीर नगर वाचन मंदिर या ग्रंथालयात पंचतंत्राचं संपूर्ण भाषांतर मागून बघा, बालआवृत्ती नको. तीत दमनकाचा सोबती करटक त्याला देतो ते इशारे अनेकदा कापलेले असतात. गोष्ट सांगताना सिंह-बैलाच्या शेवटच्या भेटीपाशी थांबून मुलांना विचारा, ‘बैलानं सिंहाला सरळ का विचारलं नाही?’ तात्पर्य मात्र आधी सांगू नका, मुलं बोलायचीच थांबतात.