मदत हवी आहे: शरणपूरच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी (दोन्ही अर्थांनी, चर्चची मंडळीसुद्धा!). पणजीचा बाप्तिस्मा नाशिकच्या शरणपूरला झाला, असं घरात सगळे सांगतात. आजीच्या ट्रंकेत दाखलाही सापडला, पण वाळवीने नेमका तारखेचा कोपरा खाल्लाय. 'शरणपूर' आणि '192' एवढंच वाचता येतं, पुढचा आकडा गेला.

अडचण इथेच आहे. नाशिकचा अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतला) धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा विभाग, मुंबईपासून वेगळा झाला 1929 साली. मग नोंद त्याआधीची असेल तर मुंबईत शोधायची, की रजिस्टर देवळातच (चर्चमध्येच) राहिलं असेल? आणि 1970 मध्ये अँग्लिकन व इतर प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाल्यावर जुने कागद कुठे गेले? एका ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "साल सांगा, मग बघू." साल माहीत असतं तर आले कशाला असते!

दुसरं असं. शरणपूर 1854 साली चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायची. आफ्रिकेत शोधमोहिमा करणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत 1874 मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. पुढे त्यातले बरेच जण केनियातल्या मोम्बासाजवळ, मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या फ्रीअरटाउनला गेले. जे इथेच राहिले, त्यांची काही यादी आहे का? आजी म्हणायची, पणजीचे केस "आपल्यासारखे नव्हते". एवढाच काय तो पुरावा, उगाच ताणत नाही.

कुणी ही रजिस्टरं स्वतः पाहिली आहेत का? अर्ज पाळकसाहेबांकडे द्यावा की थेट बिशपच्या कचेरीत? मी पुण्यात असते, शनिवारी नाशिकला येऊ शकते.