कर्जमाफी, कर्जमुक्ती की कोरा सातबारा?

प्रश्न : वार्ताहर, यवतमाळ जिल्हा

तालुक्याच्या गावावरून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. मंत्र्यांच्या भाषणात 'कर्जमाफी' असते, संघटनेच्या पत्रकात 'कर्जमुक्ती' आणि मोर्चात 'सातबारा कोरा'. डेस्कवर गेलं की तिन्हींचं 'कर्जमाफी' होतं, कारण ते मथळ्यात बसतं. मागच्या आठवड्यात बसस्टँडवर एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने मला धरलं, "आमी गुन्हा काय केला ते पयले लिहा, मंग माफी लिहा." हे तीन शब्द समानार्थी धरायचे का? नसतील तर बातमीत कोणता वापरावा?

सेवा सोसायटीचे निवृत्त गटसचिव, अमरावती जिल्हा

समानार्थी मुळीच नाहीत. 'माफी' म्हटलं की डोळ्यांपुढे एक चुकलेला माणूस येतो आणि दुसरा मोठ्या मनाचा. शिवाय एक तिसराही येतो. आपण वेळेवर भरलं ते चुकलंच म्हणायचं, असं वाटणारा. गावातला नियमित भरणारा शेतकरी आणि शहरातला पगारदार दोघंही या तिसऱ्याच्या जागी जाऊन बसतात. मग पुढची चर्चा ठरलेलीच: "आमच्या कराच्या पैशातून किती दिवस?" भाव, पाऊस, बियाणं, खताचा खर्च, हे विषय त्या चर्चेत येतच नाहीत. एका शब्दाने आरोपी ठरवून झालेला असतो.

शरद जोशींनी आणि शेतकरी संघटनेने 'कर्जमुक्ती'चा आग्रह धरला तो याचसाठी. त्यांचं म्हणणं हिशेबाचं होतं. सरकार धोरणं आखून शेतमालाचे भाव पाडतं, म्हणजे शेतकऱ्याला सबसिडी मिळते तीसुद्धा उणे, हातात पडण्याऐवजी त्याच्याच खिशातून जाणारी. अशा व्यवहारात साचलेलं कर्ज मुळात त्याचं देणंच नाही, मग माफी कोणी कोणाला करायची? हे सगळ्यांना पटेलच असं नाही. अर्थशास्त्रात त्यावर वाद आहेत. पण 'मुक्ती' शब्दामुळे निदान तो वाद सुरू होतो. 'माफी' म्हटलं तर तो सुरू व्हायच्या आतच संपतो.

आता व्यवहार बघा. कर्ज देणारी बँक स्वतःच्या खिशातून फारसं काही माफ करत नाही. थकबाकीची रक्कम सरकार बँकेला देतं, बँकेचं खातं स्वच्छ होतं आणि शेतकरी नव्या पीककर्जाला पात्र होतो. पैसा फिरतो सरकारी तिजोरीतून बँकेत. वर्षानुवर्षं हे कागद मी भरले, पण 'बँकांना थकबाकीची भरपाई' असा मथळा काही कुठे वाचला नाही.

गंमत पुढे आहे. 2017 च्या योजनेच्या नावात छत्रपती शिवाजी महाराज आणि 'शेतकरी सन्मान' आला. मर्यादा दीड लाख. 2019 साली तर सरकारनेच 'महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना' आणली. चळवळीचा शब्द थेट शासन निर्णयाच्या मथळ्यावर! आत काय, तर दोन लाखांपर्यंतची थकबाकी. खात्यावर दोन लाख पाच हजार निघाले की तो माणूस बाहेर, वरचे पाच हजार भरतो म्हटलं तरी बाहेर. त्या लोकांना समोर बसवून "तुमची मुक्ती झाली नाही" हे सांगण्याचं काम माझ्यासारख्या गटसचिवाकडे. शब्द सरकारने घेतला, त्यामागचं म्हणणं मात्र जिथल्या तिथे राहिलं. आज कोणी 'कर्जमुक्ती' म्हटलं तर तो संघटनेची भाषा बोलतोय की शासन निर्णयाची, हे कळायला मार्ग नाही.

कास्तकार, अकोट

तुमी सारे माफी-मुक्ती करून राहिले, पन मले एक सांगा, 'हमीभाव' कोनी काढला? सरकारी कागदावर तं 'किमान आधारभूत किंमत' हाय. आधार येगळा, हमी येगळी. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलले 4,892 रुपये होती. अन् दिवाळीच्या तोंडावर चार हजाराच्या आसपास भाव भेटला तरी मानूस गाडी खाली करून मोकळा व्हये. कारन घरी सन, अन् रब्बीले पैसा पायजे. आता त्याले म्हना, बाप्पा, हे हमी नाई, आधार हाय. तो म्हनते, मंग हमी म्हनून कायले सांगतलं?

अन् 'चोर बीटी'चंही पाहा. तननाशकाले न मरनारी पऱ्हाटी, म्हंजे कपाशी. परवानगी नाई म्हनून नाव पडलं चोर बीटी. 2019 च्या जून महिन्यात आमच्याच तालुक्यात, अकोली जहागीरले, शेतकरी संघटनेनं ते उघड्यावर पेरून सत्याग्रह केला. ते म्हनत तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य. अधिकारी म्हनत अवैध बियानं. पन दुकानात मागतानी शेतकरी सोताच म्हनते, "चोर आहे का?" आपनच आपल्याले चोर म्हनून राहिलो अन् हासून राहिलो.

माध्यमिक शिक्षक, वाशिम जिल्हा

थोडा विरोध नोंदवतो. शब्दांना इतकं बळ देऊ नये. कापसाला भाव मिळाला तर लोक 'खैरात' म्हणून दिलेलंही घेतील आणि नाही मिळाला तर 'सन्मान' म्हणून दिलेलंही फेकतील. शिवाय भारलेले शब्द काही एकट्या सरकारचे नसतात. 'लूट', 'दलाल', 'गद्दार' हे कोणाचे? आमच्याकडे अडत्याला भाषणात 'दलाल' म्हणतात आणि बँक दार उघडत नाही तेव्हा जून महिन्यात बियाण्याचे पैसे त्याच्याचकडून आणतात. सभेत टाळ्या वाजवणारा आणि अडत्याच्या ओट्यावर बसलेला माणूस एकच. आणि 'बळीराजा', 'अन्नदाता', 'जगाचा पोशिंदा'! माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना निबंधात हे शब्द भराभर सुचतात. एकरी खर्च विचारला तर कोणालाच सांगता येत नाही.

बचत गटाच्या अध्यक्षा, वर्धा जिल्हा

सर, शब्दाला बळ नाही असं बाईमाणसापुढे म्हणू नका. आमच्या जिल्ह्यात 'पात्र' आणि 'अपात्र' म्हणजे काय ते विचारा. शेतकऱ्याने जीव दिला की सरकारी मदतीसाठी प्रकरण जातं. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा ही कारणं बघतात आणि ठरवतात, पात्र की अपात्र. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले 30,000 हातात आणि 70,000 ठेव म्हणून. सरकारच्या लेखी तो शब्द फक्त मदतीच्या अटीबद्दल असेल. गावात त्याचा अर्थ मेलेल्या माणसाच्या चारित्र्यावर जातो. 'अपात्र' आलं की लोक म्हणतात, दारू पीत असेल, घरात भांडण असेल. आमच्या गटातल्या एकीला तिच्या सासरच्यांनी हेच ऐकवलं. तिच्या नवऱ्याने पैसे घेतले होते बिनपरवान्याच्या सावकाराकडून आणि ते कर्ज कुठल्या कागदावर नव्हतं. एवढंच कारण.

आकड्याचंही तसंच. कोणी एकूण आत्महत्या सांगतो, कोणी फक्त पात्र सांगतो. दोघांचेही आकडे खरे, तरी ऐकणाऱ्यापुढे दोन वेगळे जिल्हे उभे राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2014 पासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजतात. बटईने, म्हणजे दुसऱ्याचं शेत वाट्याने करणारा कोणत्या रकान्यात गेला, हे बातमीत कधी येत नाही. वार्ताहर भाऊ, 'अपात्र आत्महत्या' एवढं तरी लिहू नका. 'मदतीचा प्रस्ताव नामंजूर' लिहा. एक शब्द वाढेल.

'आत्महत्याग्रस्त जिल्हा' हाही नको. मुलीसाठी स्थळ बघायला गेलं की समोरचे लोक तोच शब्द वापरतात.

माजी तलाठी, दर्यापूर

'सातबारा कोरा'बद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. घोषणा म्हणून याला तोड नाही. माफी मागणाराही नाही, देणाराही नाही, नुसता एक कागद दिसतो. आणि तो कागद प्रत्येकाने हातात धरलेला आहे.

कामाच्या दृष्टीने मात्र सातबारा कोरा कधीच नसतो. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे ते, नमुना बारामध्ये पिकांची नोंद. कर्जाचा बोजा असतो सातच्या 'इतर हक्क' रकान्यात. म्हणजे मागणी आहे ती बोजा उतरवण्याची. पण 'बोजा कमी करा' अशी घोषणा कोण देईल!

या घोषणेत एक गोष्ट झाकली जाते आणि तेवढी लक्षात ठेवा. बँकेचं आणि सोसायटीचं कर्ज सातबाऱ्यावर दिसतं. कृषी केंद्राची, म्हणजे बी-खताच्या दुकानाची उधारी दिसत नाही. सावकार तर तारण म्हणून सरळ खरेदीखतच करून घेतो, मग त्या सातबाऱ्यावर बोजा नसतो, मालक म्हणून सावकाराचंच नाव असतं. तो सातबारा घोषणेप्रमाणे कोराच आहे की नाही? अशा जमिनी परत मिळवायची तरतूद 2014 च्या सावकारी नियमन कायद्यात आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा लागतो. त्या कायद्याला घोषणा नाही, म्हणून त्याच्यासाठी मोर्चाही निघत नाही.

गटसचिव

तलाठीसाहेब, अगदी बरोबर. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफी योजनेचंही तेच झालं होतं. 'सरसकट' हा शब्द गावोगाव पोचला, दोन हेक्टरची अट नाही पोचली. त्यावरच्यांना पूर्ण माफी नव्हती, तीन हिस्से भरा मग चौथ्याची सूट. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात आठ-दहा एकरवाला काही मोठा शेतकरी नसतो, पण कागदावर तो 'इतर शेतकरी'. जाहीर सभेतला 'सरसकट' आणि अर्जावरचा 'इतर' यांची भेट थेट आमच्या सोसायटीच्या टेबलावर झाली.

वार्ताहर (मूळ प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे आभार. असं ठरवलं आहे : नेता जो शब्द बोलला तो अवतरणात, त्याच्या नावावर. योजनेचं नाव शासन निर्णयात आहे तसं. माझ्या स्वतःच्या वाक्यात मात्र 'अमुक तारखेपर्यंतची थकबाकी, अमुक मर्यादेपर्यंत, सरकार बँकेला देणार' असं लिहीन, आणि खाली कोण वगळलं गेलं ते. ताईंचं 'प्रस्ताव नामंजूर' कालच्याच बातमीत वापरलं, ते तसंच छापून आलं. मथळा डेस्कवाले देतात, तिथे 'बळीराजाला दिलासा' आलं तर मला फोन करू नका.

सावकारी कायद्याखालच्या अर्जांवर एक बातमी करायची आहे. तलाठीसाहेब, उपनिबंधक कार्यालयात अशा प्रकरणाला काय म्हणतात? नुसतं 'सावकारी प्रकरण' म्हटलं तर ते दुसरीच फाईल काढून देतात.