मदतीला धावायला शिकत होतो, तेव्हा घरूनच फोन आला (अनुभव धागा)

लहानपणी गळ्यात टॉवेल बांधून गच्चीवर 'उडणारे' आपल्यात बरेच असतील. त्यातले काही पुढे खरंच कुणाच्या तरी मदतीला जायला शिकले: सर्पमित्राची पिशवी धरणारे, बचाव गटात दोर गुंडाळणारे, रुग्णवाहिकेत शिकायला जाणारे. पुढचा माणूस दुसराच, आपण त्याच्या मागे. त्या दिवसांत घरावरच वेळ आली तेव्हा काय झालं, ते लिहा. सुरुवात मी करतो.

मी १९ वर्षांचा. धायरीच्या एका दादांबरोबर साप सोडवायला जायचो. बॅटरी धरायची, गर्दी मागे सारायची, पिशवीचं तोंड बांधायचं. सापाला हात लावायचा नाही. एका पहाटे आंबेगावात घोणस निघाली होती. कुकरची शिट्टी अडकल्यासारखी फुसफुसत होती. खिशात फोन तीनदा थरथरला. मी उचलला नाही. मला वाटलं, शिस्त म्हणजे हीच.

चाळीस मिनिटांनी बघितलं, तर वेल्ह्याहून काका. आजीच्या पोटात दुखतंय, पित्त झालंय म्हणून ओवा दिला, आता डोळे उघडत नाहीत. आजी जमिनीवर झोपायची. सूज नाही, चावल्याची खूण नाही. पापण्या पडताहेत हे ऐकल्याबरोबर दादांनी फोन घेतला. "मण्यार समजा. चालवू नका, तोंडात काही घालू नका, आधी १०८ लावा."

आजी चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. वाचली. पण ती चाळीस मिनिटं माझी आहेत. दादा रागावले नाहीत. पुढच्या कॉलला निघताना एवढंच म्हणाले, "घरचा फोन वाजला की उचलायचा. पिशवी मी बांधतो."

*

सिंहगड रस्ता, एकतानगरी. २५ जुलै २०२४. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलेलं, आम्ही तळमजल्यावर. दोनच महिने झाले होते मला एका मदत गटात जायला लागून. पप्पा वॉकरवर. जाग आली तेव्हा पाणी पलंगाला टेकलं होतं. शिकलेलं एकच आठवलं: खुर्चीवर बसवून चौघांनी उचलायचं. शेजारच्या काकूंनीही खुर्चीचा एक पाय धरला. दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि आई म्हणाली, "अगं, इन्सुलिन!" मी परत उतरले. फ्रिज आडवा तरंगत होता. ताईंना, म्हणजे आमच्या गटाच्या, हे सांगितलं तेव्हा त्या खूप बोलल्या मला. एकटीने परत पाण्यात उतरायचं नाही, हा त्यांचा पहिलाच धडा होता.

*

मी आई म्हणून लिहिते आहे, चालेल ना? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. मुलगा तेव्हा असंच शिकत होता. तो टांगेवाला कॉलनीकडे लोकांना बाहेर काढत होता आणि त्याचे बाबा गाडी काढायला गेले ते परतलेच नाहीत. पहाटेपर्यंत एका भिंतीवर बसून होते. मी मुलाला फोन लावत राहिले. तो आला तेव्हा चिखलाने माखलेला, ओठ निळे. मला अभिमान वाटायला हवा होता. मला राग आला होता. अजून थोडा आहे, आणि त्याला तो माहीत आहे.

*

कोथरूड. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) शिकत होते. मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर २ श्वास. पुतळ्यावर मी कधीच चुकले नव्हते. बाबांच्या छातीवर हात ठेवले, आणि सकाळी मीच इस्त्री केलेला शर्ट दिसला. बारानंतर आकडाच आठवेना. नववीतला भाऊ शेजारी बसला आणि मोठ्याने मोजायला लागला. रुग्णवाहिका येईपर्यंत तो मोजत होता, मी दाबत होते. बाबा गेले. त्यानंतर दीड महिना मी वर्गाला गेले नाही. परत गेले तेव्हा सरांनी काही विचारलं नाही, पुतळा माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः मोजायला बसले.

*

पहिल्या अनुभवातल्या आजी आता कशा आहेत?

*

बरी आहे. खाटेवर झोपते, मच्छरदाणी लावून. मी गेलो की झोपायच्या आधी कडा गादीखाली नीट खोचल्यात का, ते मला बघायला लावते.