उत्तर: तंबाखूचं पाकीट कोण आणणार?

मेधा:
मंडळी, आपल्या विनिपेगच्या (कॅनडा) मंडळाचा गणपती रविवारवर आला आणि सुरुवातीला दोन शब्द बोलायला ज्यांना बोलावलंय त्या मूळनिवासी आजोबांचा अजून होकार नाही. मेलला बारा दिवस झाले. काल मूळनिवासींच्या सेंटरमध्ये विचारलं तर तिथली मुलगी अवघडून हसली, "नुसती मेल पाठवलीत?" एल्डरला, म्हणजे त्यांच्यातल्या जाणत्या ज्येष्ठाला, बोलवायचं तर समोर जाऊन तंबाखू द्यायचा, कापडाच्या चौकोनात बांधून. आधी पुरचुंडी पुढे करायची, मग काय हवंय ते सांगायचं. त्यांनी घेतली की होकार. बुधवारी मी जाते. पाकीट कोणी आणेल का? बिल मंडळाला लावा.

खजिनदार:
बिल मंडळाला लागणार नाही. 'पूजासाहित्य' मध्ये तंबाखू दाखवला तर वार्षिक सभेत काय होईल ते केळीच्या खांबांवरून आठवा. मानधन मंजूर आहे, ते मी ई-ट्रान्सफर करतो. शिवाय कार्यक्रमाला लहान मुलं असतात.

माई:
अरे, तो ओढायला नसतो! आमच्या शेजारच्या आजी क्री या मूळनिवासी समाजाच्या आहेत. सेज ही सुगंधी वनस्पती खुडायच्या आधी चिमूटभर तंबाखू मातीवर ठेवतात, मग हात लावतात. तुळस तोडताना माझी आई हात जोडायची, अगदी तसं. (क्रीमध्ये आजीला 'कोकम' म्हणतात. नातवंडं हाका मारायची तेव्हा आमच्या लेकीला वाटायचं, यांच्याकडे रोज सोलकढी.) आपणही विडा-सुपारी देऊन बोलावतो ना? भटजींना कधी नुसती मेल आणि ई-ट्रान्सफर केलंय का?

खजिनदार:
माई, भटजींना ई-ट्रान्सफरच करतो. पाच वर्षं.

दिलीप:
मुळात गणपतीत हे कशाला? ३० सप्टेंबरला निवासी शाळांत हाल झालेल्या मूळनिवासी मुलांच्या आठवणीत पोरं नारिंगी शर्ट घालतात, आपण नदीकाठच्या फॉर्क्सला जातो, तेवढं पुरे. आपण कोणाची जमीन घेतलेली नाही, आपल्याच डोक्यावर इंग्रज बसले होते. आणि ते सेज जाळतील त्या धुराचं काय? गेल्या वर्षी धुपाने अलार्म वाजला आणि आरती पार्किंगमध्ये झाली.

हॉल समिती:
अलार्म धुपाने नव्हे, तळणीच्या मोदकांनी वाजला. हे मी तिसऱ्यांदा लिहितोय. आधी कळवलं तर मॅनेजर त्या खोलीचा डिटेक्टर बंद ठेवतो. सेजच्या धुरासाठी त्यांचा फॉर्म आहे, धुपासाठी नाही. मी दोन्ही एकाच फॉर्मात भरतोय, कृपया कोणी वेगळा फोन करू नये.

मेधा:
दिलीपराव, २०२१ च्या जूनपासून नागरिकत्वाच्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूळनिवासींच्या हक्कांचा उल्लेख आला. निवासी शाळांची चौकशी केलेल्या सत्य व सलोखा आयोगाच्या ९४ शिफारशींतली शेवटची तीच, म्हणजे थेट आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी. तुमची शपथ त्यानंतरची, पेढे मी खाल्लेत. १८७१ चा मूळनिवासींशी जमिनीचा 'करार क्रमांक १' जिथे झाला त्या लोअर फोर्ट गॅरीला मंडळाची सहल गेली होती, भेळ तुम्हीच वाटलीत. आणि पाण्याचं बघा. १९१९ पासून विनिपेगच्या नळाला शोल लेकचं पाणी येतं. त्याच तळ्याकाठच्या शोल लेक ४० या फर्स्ट नेशनच्या लोकांना १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळून प्यावं लागलं. आपण बाप्पाला टबात बुडवतो ते तिथलंच पाणी. यंदा त्यांच्यातली चार घरं जेवायला येतायत, कोणी भाषण करणार नाहीये. आजोबांनी सुरुवातीला दोन शब्द बोलावेत एवढंच.

दिलीप:
भेळ माझी नव्हती, देशपांडे वहिनींची. मी फक्त वाटली. टबाचं माहीत नव्हतं.

नंदू:
जेवणावरून आठवलं, त्यांच्यातलं कोणी बॅनॉक (त्यांचा पाव) आणणार असेल तर नैवेद्याच्या टेबलावर ठेवायचा की वेगळ्या? त्यात कधी चरबी असते.

माई:
वेगळ्या. पण शेजारच्याच, कोपऱ्यातल्या नको.

दिलीप:
पाकीट मी आणतो. बिल नको. कापड कसलं लागतं?

मेधा:
लाल चालेल, सुती.

माई:
ओटीचा एक खण आहे माझ्याकडे, न शिवलेला. काठ कापून देते, मंगळवारी कोणी न्यायला या.

खजिनदार:
खणाचंही बिल पाठवू नये.